दिवाळीचं फोटोकार्ड: फोटो गणपतीत, पोस्ट कोजागिरीला

घरच्या सगळ्यांचा एक फोटो, त्याखाली शुभेच्छांच्या चार ओळी आणि पाकिटावर हातानं लिहिलेला पत्ता. असं कार्ड या दिवाळीत सगळ्या नातेवाइकांना पाठवू या, ही टूम बऱ्याच घरांत निघते. पण ती निघते चकलीचा सोऱ्या माळ्यावरून खाली आल्यावर. तोवर छापखान्यात नवं काम घ्यायला कुणी तयार नसतं, पत्ते जुन्या डायरीत असतात आणि धाकटा भाऊ अजून बंगळुरूलाच असतो. शेवटी कुठला तरी जुना फोटो व्हॉट्सॲपवर जातो आणि पणत्या-रांगोळ्यांच्या शेकडो चित्रांत दिसेनासा होतो. हौस असते, वेळ गेलेली असते.

दिवाळीच्या कार्डात एक मूळचीच गोम आहे. ते दिवाळीआधी पोचायला हवं, म्हणजे दिवाळीचा फोटो दिवाळीत काढून चालत नाही. मग त्याआधी सगळं घर एका छपराखाली, बऱ्या कपड्यांत आणि हसऱ्या चेहऱ्यानं कधी सापडतं? बहुतेक मराठी घरांत उत्तर एकच: गणपतीत. म्हणून दिवाळीच्या कार्डाचं काम भाद्रपदात सुरू करावं. एकदा हे ठरलं की पुढची कामं आपोआप ओळीनं लागतात.

तारीख नको, तिथी धरा

फोटोकार्डाची चाल आपल्याकडे पश्चिमेकडून आली. पहिलं छापील नाताळकार्ड मानतात ते १८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल यांनी चित्रकार जॉन हॉर्सली यांच्याकडून काढून घेतलं. त्यावरही जेवणाच्या टेबलाभोवती जमलेलं एक कुटुंबच होतं, फक्त चितारलेलं. पुढे १९०३ मध्ये कोडॅकनं पोस्टकार्डाच्या मापाचा फोटो काढणारा घडीचा कॅमेरा आणला आणि स्वतःच्या घरच्यांचा फोटो टपालानं धाडणं अमेरिकेत सर्रास झालं. त्या लोकांची एक सोय अशी की नाताळ दर वर्षी २५ डिसेंबरलाच येतो. ऑक्टोबरात फोटो, नोव्हेंबरात छपाई, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात टपाल, हे वेळापत्रक त्यांना कायमचं लिहून ठेवता येतं.

आपली दिवाळी सरकते. लक्ष्मीपूजन २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला होतं, २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला आलं आणि २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक असल्यामुळे थेट ८ नोव्हेंबरला गेलं. ‘गेल्या वर्षी आपण १ ऑक्टोबरला छापायला दिलं होतं’ ही आठवण त्यामुळे उपयोगाची नाही. तिथ्यांमधलं अंतर मात्र जवळपास कायम असतं. गणेश चतुर्थीपासून लक्ष्मीपूजनापर्यंत साधारण पंचावन्न दिवस मिळतात, दसऱ्यापासून एकोणीस-वीस आणि कोजागिरीपासून दोन आठवडे. २०२० सारखा अधिक आश्विन आला तर गणपती आणि दसरा यांच्यामध्ये अख्खा महिना जास्तीचा मिळतो. तेव्हा भिंतीवरच्या कॅलेंडरात पुढच्या खुणा करून ठेवा:

- श्रावण: किती घरांना पाठवायचं, खर्च किती आणि छापायचं कुठे, हे ठरवणं.
- गणपती-गौरी: फोटो.
- पितृपंधरवडा: पत्ते आणि मजकूर.
- घटस्थापना: छापायला देणं, प्रूफ तपासणं.
- दसरा: छापून आलेली कार्डं हातात.
- दसरा ते कोजागिरी: दोन ओळी लिहिणं, पाकिटं भरणं, परगावची पाकिटं पोस्टात टाकणं.
- कोजागिरी ते वसुबारस: गावातल्या गावात द्यायची कार्डं.

पितृपंधरवड्यात छपाई मुद्दाम ठेवलेली नाही. शुभेच्छांची कार्डं त्या दिवसांत छापायला देणं अनेक घरांत वडीलधाऱ्यांना रुचत नाही. पत्ते गोळा करायला मात्र हा पंधरवडा फार चांगला. घरात जुन्या माणसांच्या आठवणी निघालेल्याच असतात आणि त्यांच्याबरोबर विसरलेली नातीही आठवतात. घटस्थापनेच्या पुढे मात्र ढकलू नका. दिवाळी अंक, नव्या वर्षाची कॅलेंडरं, कंपन्यांच्या भेटी आणि तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांच्या लग्नपत्रिका, सगळं एकदमच छापखान्यात येऊन पडतं. तुमच्या पन्नास कार्डांचा नंबर त्यात शेवटचा लागतो.

फोटो: आरतीआधीची वीस मिनिटं

गौरीपूजनाचा दिवस सगळ्यांत सोयीचा. बायका ठेवणीतल्या साड्यांत असतात, मुलांना नवे कपडे असतात. वेळ मात्र जेवणाआधीची धरा. पुरणपोळीनंतर आजोबांचे डोळे मिटायला लागतात आणि मुलांचे झब्बे वरणाने रंगलेले असतात. दीड दिवसाचा गणपती असेल तर दुसऱ्या दिवशी विसर्जनाच्या तयारीआधीची सकाळ चांगली. घरी गणपती बसत नसेल तर डोहाळजेवण, साखरपुडा, मे महिन्यातलं गावचं एकत्र येणं, यांतलं काहीही चालेल. त्या वेळी दहा मिनिटं बाजूला काढून दिवाळीचा फोटो म्हणून वेगळा फोटो घ्या. कार्यक्रमाच्या फोटोंत हमखास कुणीतरी ताट घेऊन मागून जात असतं.

फोटो मखरासमोर काढण्याचा मोह टाळा. झगमगत्या माळांच्या उजेडात चेहरे काळवंडतात, मखराचा थर्माकोल तेवढा उजळतो. शिवाय दिवाळीच्या कार्डावर गणपतीची आरास विसंगत दिसते. त्यापेक्षा ओसरी, गच्चीचा जिना, अंगणातलं वृंदावन किंवा फ्लॅटमध्ये मोठ्या खिडकीसमोरची जागा घ्या. भाद्रपदातलं ढगाळ आभाळ इथे कामी येतं. उजेड सगळीकडे सारखा पसरतो, डोळ्यांखाली सावल्या पडत नाहीत आणि कुणाला उन्हामुळे डोळे किलकिले करावे लागत नाहीत. घरात काढत असाल तर खोलीतले पिवळे दिवे बंद करा. खिडकीचा निळसर उजेड आणि बल्बचा पिवळा उजेड एकत्र आले की अर्धा चेहरा एका रंगाचा आणि अर्धा दुसऱ्या रंगाचा येतो.

बसवण्याचा क्रम असा ठेवा. आधी आजी-आजोबांना खुर्च्या द्या, मग मोठ्यांना मागे उभं करा आणि लहान मुलांना अगदी शेवटी बोलवा. मुलं आधी आली तर मोठ्यांची जागा ठरेपर्यंत त्यांचा धीर संपतो. मोबाइल पुढे बसलेल्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवा आणि जवळून रुंद कोनात काढण्याऐवजी चार पावलं मागे जाऊन दुप्पट झूमवर काढा. रुंद कोनात कडेला उभे असलेले काका उगाच जाडे दिसतात आणि ते कार्ड घरोघरी जातं. दहा जणांच्या फोटोत कुणाची ना कुणाची पापणी मिटतेच, म्हणून एका मांडणीचे किमान पंधरा फोटो घ्या. काढणारा माणूसही घरचाच असतो. तो फोटोत हवा असेल तर तिपाई आणि दहा सेकंदांचा टायमर वापरा किंवा शेजाऱ्यांना हाक मारा.

सगळ्यांनी एकाच रंगाचे कपडे घातले की फोटो शाळेच्या स्नेहसंमेलनाचा वाटतो. दोन-तीन रंग ठरवा, उदाहरणार्थ आमसुली, मोतिया, हिरवा, आणि ज्यानं त्यानं त्यांतलं हवं ते घालावं. बारीक चौकडीचे शर्ट टाळा, छापताना त्यांत लाटा उमटतात. पैठणीच्या जरीवर फ्लॅश मारू नका, पदराच्या जागी पांढरा ठिपका दिसतो. गणपतीच्या गडबडीत दिवाळीची खूण हवीच असेल तर समोरच्या पायरीवर चार पणत्या ठेवा, तेवढ्यानं भागतं.

गणपतीलाही न आलेल्या भावाचं काय? त्याला फोटोत मागून चिकटवू नका. उजेडाची दिशा जुळत नाही आणि ते लगेच कळतं. त्यानं आपल्या घरी काढलेला वेगळा फोटो कार्डाच्या मागच्या बाजूला घ्या. दोन गावांतलं एकच कुटुंब, हेही सांगण्यासारखंच आहे.

निवडलेला फोटो मोठा करून कोपरे बघा. शाळेच्या दप्तरावरचं नाव, गाडीचा नंबर, भिंतीवरची बिलं, यांतलं काही शंभर घरांत जायला नको. आणि फोटोत असलेल्या प्रत्येकाला एकदा दाखवा, घरातल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना तर आधी. त्यांना नको असलेला फोटो कितीही गोड वाटला तरी दुसरा निवडा.

यादी: इथे घाई नको

फोटोला वीस मिनिटं लागतात, यादीला पंधरा दिवस. कार्ड माणशी नव्हे, घरटी मोजा. चार रकाने पुरतात: कुटुंबप्रमुखाचं नाव, पत्ता, फोन आणि ‘पाठवलं का’. पत्त्यासाठी फोनच करा. ‘ॲड्रेस पाठव’ असा संदेश धाडला की उत्तरादाखल नकाशावरची जागा येते आणि पोस्टमनला ती वाचता येत नाही.

पिन कोड विचारून घ्याच. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली ही सहा आकडी पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याच्या कल्पनेतून आली. ते संस्कृतचे कवी आणि नाटककारही होते. पहिला आकडा विभागाचा, महाराष्ट्राच्या पत्त्यांना तो ४ असतो. शेवटचे तीन आकडे वाटप करणाऱ्या पोस्ट ऑफिसचे. एकाच नावाची गावं आणि एकाच नावाच्या सोसायट्या आपल्याकडे कमी नाहीत, हा गोंधळ ते आकडेच सोडवतात. पत्त्याच्या शेवटी फोन नंबर लिहिला तर बंद दारासमोरून कार्ड परत येण्याची शक्यता कमी होते.

यादी करताना तीन घरांकडे वेगळं लक्ष द्या. पहिलं, ज्या घरात वर्षभरात कुणी गेलं आहे. तिथे पहिल्या दिवाळीला सण नसतो. हसऱ्या कुटुंबाचं कार्ड त्या दारी जाऊ नये. त्याऐवजी साध्या कागदावर चार ओळींचं पत्र लिहा आणि जमलं तर भेटून या. दुसरं, नव्या व्याह्यांचं घर. दिवाळसणाच्या वर्षी त्यांचं कार्ड स्वतंत्र पाकिटात, उभयतांच्या नावानं, वेळेआधी पोचायला हवं. लेक-जावयाचं कार्ड त्याच पाकिटात कोंबू नका. तिसरं, जिथे नवरा-बायको वेगळे झाले आहेत ते घर. जुन्या यादीतून जोडनाव तसंच उतरवलं जातं आणि ते फार बोचतं. लग्नपत्रिकांची जुनी यादी हाताशी असेल तर जरूर वापरा, पण त्यातलं प्रत्येक नाव घरातल्या मोठ्या माणसाला वाचून दाखवा. कोण गेलं, कोण घर बदलून गेलं, हे त्यांनाच ठाऊक असतं.

मजकूर: चार ओळी पुष्कळ झाल्या

छापील मजकुरात शुभेच्छा, घरच्यांची नावं, गाव आणि वर्ष एवढं असलं की पुरे. ‘दिवाळी २०२६’ किंवा ‘आश्विन, शके १९४८’ हे वर्ष विसरू नका. वीस वर्षांनी कपाटात कार्ड सापडेल तेव्हा सगळ्यांत आधी वर्षच शोधलं जाईल. मागच्या बाजूला लहान अक्षरांत ‘डावीकडून’ म्हणून नावं द्या. दूरच्या मावशीला तुमची मुलं ओळखू येतातच असं नाही. घर बदललं असेल तर नवा पत्ता इथेच घाला.

वर्षभराच्या बातम्यांचं पत्रक करू नका. कुणाला किती टक्के मिळाले आणि कुठली गाडी घेतली, हे वाचायला कुणाला आवडत नाही. त्याऐवजी अर्धं पान कोरं ठेवा आणि प्रत्येक घरासाठी हातानं एक ओळ लिहा: ‘काकू, तुमच्या लिंबाच्या लोणच्याची बरणी अजून पुरवून खातोय.’ कार्ड जपलं जातं ते त्या एका ओळीसाठी.

छपाई: मराठी अक्षरांवर डोळा ठेवा

५ बाय ७ इंच हे माप सोयीचं. या मापाला चांगल्या छपाईसाठी १५०० बाय २१०० पिक्सेल लागतात आणि आजचा कुठलाही बरा मोबाइल त्याहून मोठा फोटो काढतो. फोटो बिघडतो तो पाठवताना. व्हॉट्सॲपवरून नेहमीसारखा पाठवला तर तो लहान होतो, म्हणून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, ईमेल करा किंवा पेन ड्राइव्ह द्या. कटिंगमध्ये कडा जातात, त्यामुळे चारी बाजूंना ३ मिलिमीटर जास्तीची जागा सोडा. माणसं आणि अक्षरं कडेपासून आत ठेवा, नाही तर टोकाला उभ्या असलेल्याचा खांदा कापला जातो.

वीसेक कार्डंच हवी असतील तर छापखान्याकडे जाऊच नका. फोटो लॅबमध्ये प्रती काढा आणि जाड हातकागदाच्या घडीवर चिकटवा. पंचवीसपासून दोनशेपर्यंत डिजिटल छपाई परवडते, त्याच्या वर गेलात तर ऑफसेटचा भाव विचारा. डिजिटल प्रेसच्या १२ बाय १८ इंची कागदावर ५ बाय ७ ची चार कार्डं बसतात, म्हणून संख्या चारच्या पटीत सांगा आणि दहा टक्के जास्त घ्या. विसरलेली घरं शेवटी आठवतातच. कागद ३०० जीएसएमचा आर्ट कार्ड घेतला तर हाताला भरीव लागतो. मात्र ज्या बाजूला हातानं लिहायचं आहे तिथे लॅमिनेशन नको, शाई पसरते. घडीचं कार्ड असेल तर क्रीझिंग करून मागा, नाही तर घडीवर रंग फुटतो.

खरा धोका मराठी मजकुराचा. तुम्ही मोबाइलवर युनिकोडमध्ये लिहिलेलं डीटीपीवाल्याच्या जुन्या फॉण्टमध्ये गेलं की वेलांटी भलत्या अक्षरावर चढते, रफार पुढे सरकतो, ‘ऱ्ह’ आणि ‘क्ष’ फुटतात. ‘मुक्त’सारखा मोफत मिळणारा युनिकोड फॉण्ट वापरून मजकूर बसवा आणि पीडीएफ द्या. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे हवे असतील तर फॉण्ट निवडतानाच बघून घ्या. प्रूफ पडद्यावर नको, कागदावर मागा आणि ते घरातल्या दोघांना मोठ्यानं वाचायला लावा. नावांतल्या चुका डोळ्यांना दिसत नाहीत, जिभेला अडतात. रंगांसाठीही तेच. पडद्यावरचा झगझगीत केशरी कागदावर मवाळ होतो, म्हणून एक नमुना छापून घेतल्याशिवाय सगळ्या प्रतींना हो म्हणू नका.

पोस्ट: वजन, तिकीट आणि दिवस

साध्या पत्राच्या टपालखर्चाचा पहिला टप्पा २० ग्रॅमपर्यंतचा. ३०० जीएसएमचं ५ बाय ७ चं एकेरी कार्ड सुमारे ७ ग्रॅम भरतं, पाकीट धरून बारा-तेरा. घडीचं कार्ड पाकिटासह वीसच्या काठावर जातं. एक भरलेलं पाकीट काउंटरवर आधी तोलून घ्या आणि मगच तिकिटं विकत घ्या. कमी तिकिटाचं पाकीट गेलं तर दंड घेणाऱ्याला भरावा लागतो, शुभेच्छांची ती रीत नव्हे. पोच हवी असेल तर स्पीड पोस्ट करा. हौस असेल तर टपाल खात्याच्या ‘माय स्टॅम्प’ योजनेत तिकिटाशेजारी स्वतःचा फोटो छापून मिळतो. एका शीटमध्ये १२ तिकिटं येतात. मोठ्या शहरांच्या फिलाटेली ब्युरोत चौकशी करा आणि तेही गणपतीनंतर लगेच.

परगावच्या टपालाला आठ-दहा दिवस हाताशी ठेवा, मधल्या रविवारांचा आणि सुट्ट्यांचा हिशेब धरून. परदेशी कार्डं पाठवायची असतील तर दसऱ्याच्याही आधी निघायला हवीत. त्याहून सोपा मार्ग म्हणजे तिकडच्या एका नातेवाइकाला पीडीएफ पाठवणं. तो तिथेच छापून तिथल्या टपालानं वाटतो. अमेरिकेत असं करणार असाल तर चौरस कार्ड निवडू नका, चौरस पाकिटाला तिथे जादा आकार पडतो. २०१६ मध्ये अमेरिकी टपाल खात्यानं दिवाळीचं तिकीट काढलं होतं. त्याचा जुना साठा कुणाकडे असेल तर त्याला याहून चांगला उपयोग नाही. तिथल्या मराठी घरांना कधी कधी दोन याद्या लागतात: आपल्या माणसांना दिवाळीला आणि ऑफिसातल्या, शेजारच्या मंडळींना डिसेंबरात. फोटो तोच ठेवून मजकूर तेवढा बदलला की एका कामात दोन्ही उरकतात.

उशीर झालाच तर

इतकं करूनही कधी दसरा उलटून जातो. तेव्हा घाईनं वाईट छापण्यापेक्षा मुक्काम पुढे हलवा. भाऊबीजेला सगळे जमतातच, फोटो त्या दिवशी काढा आणि कार्ड नव्या वर्षाचं किंवा संक्रांतीचं करा. मजकुरातच ‘दीपोत्सवाच्या आणि नव्या वर्षाच्या शुभेच्छा’ असं लिहिलं तर कार्ड महिनाभर शिळं होत नाही. संक्रांतीच्या कार्डाला तर स्पर्धाच नाही. त्या आठवड्यात टपालानं दुसरं कुणाचंच काही आलेलं नसतं.

भाऊबीज झाल्यावर आणखी अर्धा तास द्या. परत आलेल्या पाकिटांचे पत्ते यादीत दुरुस्त करा. ज्यांची उत्तरं किंवा फोन आले त्यांच्यापुढे खूण करा. मूळ फोटो, पीडीएफ आणि यादी एकाच फोल्डरमध्ये ठेवून घरातल्या दोघांना द्या. उरलेल्या प्रतींपैकी एक आल्बममध्ये लावा. पुढच्या श्रावणात काम निम्म्यावर आलेलं असेल. फक्त फोटो नवा, आणि यादीत एखादं नवं नाव.